झुंबरबाईंच्या घरची पाहुणी

झुंबरबाईंचा एखाद्यावर जीव जडला की ते ओळखणं सोपं होतं. त्या त्याच्यावर ओरडायच्या.

नाशिक रोडला, जेल रोडच्या आतल्या आमच्या गल्लीत त्यांची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर दोन खोल्या, मागे फरशी घातलेलं अंगण, अंगणात नळ आणि त्या नळाखाली सदा कोणाचं तरी ताट. पाटी वगैरे नव्हती. देवळा, कळवण, सटाण्याकडची इथे शिकायला आलेली मुलं एकमेकांच्या ओळखीनं यायची आणि पदवी घेऊनच हलायची. जेवून उठलेल्यानं आपलं ताट घासायचं, रिकामा बसलेल्यानं लसूण सोलायचा, सिलिंडर आला की दोघांनी उचलून आत न्यायचा, असा तिथला कायदा. भाजीत मीठ कमी आहे असं कोणी म्हणालं तर झुंबरबाई मिठाचा डबा त्याच्यापुढे आपटून म्हणत, "तुझ्या बायकोला सांग पुढं. ती ऐकंल तर मला कळव." मुलं हसायची आणि जास्तच जेवायची. एखादा नवा मुलगा आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याला आळशी, रेडा, ऐतखाऊ असं काही ऐकायला मिळालं, की जुनी मुलं त्याला टाळी द्यायची. याचा अर्थ तो घरचा झाला.

झुंबरबाई मूळच्या देवळ्याजवळच्या एका खेड्यातल्या. माहेर शेतकऱ्याचं, कांद्याच्या चाळी आणि उन्हात राबणारी माणसं. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा नवरा नोटांच्या प्रेसमध्ये मदतनीस होता आणि यांना अहिराणीशिवाय बोलता येत नव्हतं. नळावरच्या बायका त्यांच्या बोलण्याला हसायच्या. मग त्यांनी बोलायचंच सोडलं. वर्षभर हंडा घेऊन जायच्या आणि मुकाट्यानं परत यायच्या. हे त्या मला सांगायच्या तेव्हा रडगाणं नसायचं. "मला वाटायचं, नाशिकच्या पाण्यात काय हाय म्हून या बाया एवढ्या हसत्यात," असं म्हणून त्या स्वतःच हसत. नवरा लवकर गेला. मुलगा सोमनाथ तेव्हा शाळेत होता. प्रेसमधल्या दोन-चार एकट्या माणसांना डबा देण्यापासून सुरुवात झाली आणि त्याची खानावळ झाली. नऊवारी, कपाळावर हिरवं गोंदण, आणि आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडच्या मुलालाही आपण जेवायला उशीर केला हे कळावं.

आता खानावळ बंद आहे. सोमनाथनं त्यांना पाथर्डी फाट्याला आपल्या फ्लॅटमध्ये नेलंय. तिथे ओरडायला सुनेशिवाय कोणी नाही आणि ती बिचारी फारच आज्ञाधारक आहे, त्यामुळे झुंबरबाईंची तब्येत बरी नसते. मी मात्र सांगणार आहे ते खानावळ जोरात चालू होती तेव्हाचं. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात माझ्याकडे नीमा आली तेव्हापासूनचं.

माझी सगळी नोकरी स्टेशनावर रिझर्वेशनच्या खिडकीत गेली. निवृत्त झाल्यावर घराची वरची खोली मी मुलींना भाड्यानं देऊ लागले. फार्मसी कॉलेजातले एक ओळखीचे प्राध्यापक एके दिवशी एका उंच, काळ्याभोर, केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या मुलीला घेऊन दारात उभे राहिले. ती टांझानियातल्या इरिंगा नावाच्या डोंगरावरच्या गावची. शिष्यवृत्ती मिळवून आली होती. वसतिगृहात जागा नव्हती आणि दोन ठिकाणी घरमालकांनी तिला बघून खोली भरली आहे असं सांगितलं होतं. मी खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली आणि किल्ली दिली. तिनं मान लववून काहीतरी म्हटलं. "शिकामू" असा तो शब्द होता. मोठ्या माणसाला करायचा त्यांचा नमस्कार. त्याला उत्तर द्यायचं असतं "मराहबा". ते तिनं मला लगेच शिकवलं, कारण उत्तर मिळेपर्यंत ती मान वर करेना.

आपल्याला नाशिक म्हणजे काही फार मोठं शहर वाटत नाही. तिला वाटायचं. बिटको चौक ओलांडताना ती माझा दंड घट्ट धरायची. कुठल्या रिक्षात चार अनोळखी माणसांबरोबर बसायचं आणि कुठल्या रिक्षात एकटीनं, दुकानदार मान हलवतो ती हो म्हणून की नाही म्हणून, दूधवाला पहाटे का ओरडतो, सगळं नवीन. पोरं मागे लागायची. कोणी तिच्या वेण्यांना हात लावून पळायचं. पानाच्या टपरीवर उभे राहणारे काय बोलायचे ते मी लिहीत नाही. एकदा मी छत्री घेऊन तिथे गेले होते एवढं सांगते. नीमा रडली नाही. दार लावून अभ्यास करायची आणि रविवारी चर्चला जायची.

मी भाडेकरूंना रांधून घालत नाही, कोणालाच नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी तिला झुंबरबाईंकडे नेलं.

झुंबरबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा हात परातीतच राहिला. मग त्या उठल्या, पदराला हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला. त्यांना असं गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "ताई," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "एवढ्या लांबून आली? समुद्राच्या पल्याडून? एकली?" मी हो म्हटलं. त्यांनी शेजारून खुर्ची मागवली.

त्या दिवसापासून त्या घरात एक वेगळीच व्यवस्था सुरू झाली. मुलं मागच्या खोलीत जमिनीवर रांगेनं बसायची. नीमासाठी पुढच्या खोलीत खिडकीशी घडीचं टेबल. मुलांना स्टीलची ताटं. नीमासाठी झुंबरबाईंनी स्वतः भांडीबाजारात जाऊन फुलांच्या नक्षीची चिनी मातीची बशी, तसलाच कप आणि काचेचा ग्लास आणला, कारण परदेशातली माणसं स्टीलमध्ये जेवत नाहीत असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ती भांडी ठेवायला भिंतीत वेगळी फळी ठोकली, वर धुतलेलं फडकं टाकलं आणि मुलांना ताकीद दिली की तिकडे हात गेला तर हात राहणार नाही. ती भांडी त्या स्वतः घासायच्या, सगळ्यात शेवटी, वेगळ्या पाण्यात, टवका उडू नये म्हणून. मुलांना भाकरी आणि पिठलं, नीमाला पुऱ्या. जेवल्यावर ती बशी उचलायला गेली की झुंबरबाई धावत येऊन "राहू दे, राहू दे" म्हणत ती तिच्या हातातून काढून घेत. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे वळली की या दोन्ही हात पसरून उभ्या. "नको पोरी, धूर हाय. कपडे खराब होतील."

तिच्याकडे मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. तिनं पहिल्यांदा "मामा झुंबर" अशी हाक मारली तेव्हा मुलांना ठसका लागला. झुंबरबाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "मामा तर मामा. तुम्हाला नसंल आवडत तर तुम्ही काका म्हणा." एवढं प्रेमानं चाललेलं मी बघत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पाहुण्याला आपण असंच वागवतो. उलट मला बरंच वाटलं, की दोन घरमालकांनी गावाच्या तोंडाला फासलेलं काळं या बाईनं धुऊन काढलं.

दिवाळीनंतर नीमा डबा खोलीवर न्यायला लागली. संक्रांतीनंतर तिचं हसणं कमी झालं. मी विचारलं तर अभ्यास आहे म्हणाली. होळीच्या सुमाराला एका संध्याकाळी ती खाली आली, शिकामू केलं आणि मला म्हणाली की मुंबईचं तिकीट हवं आहे. तिथे तिच्या गावच्या एका कुटुंबाची ओळख होती. त्यांच्याकडे राहून ती परतीच्या विमानाची सोय करणार होती. कॉलेज सोडून? हो. परीक्षेच्या आधी? हो. कोणी काही बोललं का? नाही. मी जरा आवाज चढवला, कारण शिष्यवृत्ती म्हणजे काही झाडाला लागत नाही. मग ती बसली आणि इंग्रजीत, हळू आवाजात, एकेक शब्द मोजून बोलली.

"आंटी, मी कोणाची तक्रार करत नाही. पण मामा झुंबरनं माझी बशी वेगळी ठेवली आहे. माझा कप वेगळा. त्या फळीवर दुसऱ्या कोणाचं काही नसतं. माझी भांडी ती मुलांच्या ताटांबरोबर घासत नाही. मला तिच्या स्वयंपाकघरात पाय टाकू देत नाही. याचा अर्थ काय होतो ते मला तृप्तीनं सांगितलं आहे."

तृप्ती म्हणजे तिच्या वर्गातली मुलगी. गप्पांच्या ओघात तिनं आपल्या आजीबद्दल सांगितलं होतं. आजी गावात लोकांच्या शेतावर कामाला जायची तेव्हा तिचा चहाचा कप मागच्या दारी वेगळा ठेवलेला असायचा, तिनंच घ्यायचा, तिनंच विसळून ठेवायचा, आणि घरात पाऊल टाकायचं नाही. तृप्ती खोटं बोलत नव्हती. आणि नीमानं ते ऐकून आपली फळी आठवली, यात तिची तरी काय चूक.

मी म्हटलं, "अगं, ती तुला मान देते."

"मग मुलांना ती मान का देत नाही?" नीमा म्हणाली. "त्यांच्यावर ती दिवसभर ओरडते. मला त्यातला एकही शब्द कळत नाही, पण ती त्यांची आई आहे हे मला कळतं. आमच्याकडे पाहुणा दोन दिवस असतो. तिसऱ्या दिवशी माझी आई त्याला शेतात घेऊन जाते. मी इथे इतके महिने आहे, मामा झुंबरनं मला कांदासुद्धा चिरायला दिला नाही."

आमच्याच गल्लीत मोरी धुणाऱ्या बाईचा कप मागच्या खिडकीत वेगळा टांगलेली घरं तेव्हा होती, चांगली शिकलेली घरं. बाहेरून येणाऱ्या माणसाला ती खिडकी आणि झुंबरबाईंची फळी यांतला फरक कसा दिसावा? मी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन जुन्या सहकाऱ्यांना सांगून तिचं पंचवटी एक्स्प्रेसचं सोमवारचं तिकीट काढून दिलं. ती मागायला आली होती, मी दिलं. जबरदस्तीनं कोणाला ठेवून घेता येत नाही.

पण तिकीट तिच्या हातात देऊन मी तडक झुंबरबाईंकडे गेले.

त्या अंगणात बसून ज्वारी पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं, सरळ. त्यांना आधी कळेचना. मी परत सांगितलं. मग सूप खाली ठेवलं त्यांनी.

"तसली कपबशी," त्या म्हणाल्या, "मी सोमनाथच्या सासरच्यांना बी आणली नव्हती, ताई."

एवढंच. मग परत सूप हातात घेतलं. मला वाटलं, समजलं. कसलं काय. दुसऱ्या दिवशी दुपारी खापरावरच्या मांड्यांचा वास आमच्या घरापर्यंत आला. मांडे म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा पाहुणचार. पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवून फिरवून रुमालाएवढी पातळ करायची आणि उलट्या मडक्यावर टाकायची. दिवस मोडतो आणि दंड भरून येतात. झुंबरबाईंनी ते मांडे त्याच फुलांच्या बशीत घडी करून ठेवले, वर तूप, वाटीत दूध, आणि स्वतः जिना चढून नीमाच्या दारात गेल्या. नीमानं दोन्ही हातांनी बशी घेतली, आभार मानले आणि दार लावलं. झुंबरबाई खाली माझ्याकडे येऊन पायरीवर बसल्या.

"रागावली असंल तर जास्त करावं म्हटलं," त्या म्हणाल्या. "दार लावून घेतलं तिनं."

तिथे मात्र माझा संयम संपला. मी म्हटलं, "झुंबरबाई, तुम्ही त्या पोरीवर एकदा तरी ओरडलात का?"

"पाहुणीवर कोन ओरडतं?"

"किती दिवस पाहुणी ठेवणार तिला? पावसाळा गेला, हिवाळा गेला. तो कळवणचा मनोज आला तर तुम्ही पहिल्या दिवशी त्याला झाडू दिलात हातात."

"मनोजची आई कळवणला हाय. एस्टीत बसला की संध्याकाळी तिच्या पुढ्यात." त्यांनी वरच्या दाराकडे बोट केलं. "हिची कुठं हाय? मी ओरडले आन ती रडली तर कोणाच्या कुशीत जाईल ती?"

मी म्हटलं, "तुमच्याच जाईल. दुसरं कोण आहे इथे."

द्यायची राहिलेली दुधाची वाटी पदराखाली धरून त्या निघून गेल्या.

आता बिबड्यांचं सांगायला हवं, कारण हल्ली ते पिशवीतून विकत मिळतात आणि ते काय असतं हे लोकांना माहीत नसतं. भिजवून दळलेल्या ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घालून शिजवायचं, ते दगडासारखं घट्ट होईपर्यंत दांड्यानं ढवळायचं, आणि गरम गरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापून उन्हात टाकायचं. वाळलं की तळून किंवा भाजून वर्षभर खायचं. झुंबरबाईंकडे दरवर्षी बिबडे व्हायचे आणि गल्लीतल्या बायका मदतीला जायच्या. त्याचं आमंत्रण नसतं. आदल्या दिवशी कुंपणावरून "उद्या बिबडे हायेत" अशी हाक पडली की झालं. आणि या कामाला पाहुण्याला बोलवायची पद्धत नाही. धूर असतो, घाम असतो, हात भाजतात, साडी खोचून बसावं लागतं. ज्यांच्यापुढे लाजायचं कारण नाही अशीच माणसं तिथे असतात.

शनिवारी सकाळी उजाडता उजाडता माझ्या जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि मग वरच्या दारावर थापा. नीमाची बॅग भरून झाली होती. झुंबरबाईंचा आवाज आला, तो तसाच, दोन गल्ल्या पलीकडे जाणारा, आणि मराठीही नव्हे, त्यांच्या माहेरची अहिराणी. "ऊठ पोरी, दिन निंघना!"

सूर्य उगवला, असं त्या सांगत होत्या. नीमाला ते कळणं शक्य नव्हतं. पण तिनं दार उघडलं, कारण ते न उघडलं असतं तर मोडलं असतं. झुंबरबाईंनी पुढची काही भाषा वापरलीच नाही. तिचं मनगट धरलं आणि तिला खाली घेऊन गेल्या. मी चपला घालून मागे पळाले.

अंगणात विटांच्या चुलीवर पातेलं चढलं होतं. आजूबाजूला आमच्या गल्लीच्या सगळ्या बायका. नीमा घरात नेसायचं तिच्याकडचं रंगीत कापड कमरेला गुंडाळून तशीच आली होती. बायका बघायला लागल्या. एक जण झुंबरबाईंना हळूच म्हणाली की अहो, तिला कशाला आणलंत, ती परदेशी बाई. झुंबरबाईंनी तिच्याकडे लक्षही दिलं नाही. ढवळायचा लाकडी दांडा नीमाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धर."

नीमानं पातेल्यात वाकून पाहिलं. पीठ आळायला लागलं होतं, फदफद आवाज करत होतं. तिनं कापड वर खोचलं, दोन्ही पाय रोवले, दांडा दोन्ही मुठींत धरला आणि अख्ख्या पाठीनं ढवळायला लागली. आमच्या बायका दोन फेरे झाले की दांडा दुसरीकडे देतात. हिनं दिलाच नाही. नंतर कळलं की त्यांच्याकडे रोजचं जेवणच ते, मक्याचं पीठ असंच घट्ट शिजवलेलं, आणि लग्नाकार्याला याहून मोठी पातेली. घामानं तिचं कपाळ चमकायला लागलं. आता झुंबरबाई तिची पाठ थोपटतील असं सगळ्यांना वाटत होतं.

झुंबरबाई म्हणाल्या, "खाली लागतंय. वास येत नाय का? नाक हाय ना तुला?"

नीमानं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं की ती विचारते आहे, तुला नाक आहे की नाही.

नीमानं क्षणभर झुंबरबाईंकडे पाहिलं, दांडा थांबवला नाही, आणि खानावळीतल्या मुलांकडून कानावर पडलेल्या मराठीत म्हणाली, "हाय."

बायका अशा हसल्या की एकीच्या हातातलं फडकं चुलीत जाता जाता वाचलं. झुंबरबाई हसल्या नाहीत. त्यांनी चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं आणि म्हणाल्या, "हाय तर वापर."

मग थापणं. हात पाण्यात बुडवायचा, गोळा घ्यायचा, भाजत असतानाच बोटांनी पसरायचा. नीमाचा पहिला बिबडा जाड झाला. झुंबरबाईंनी तो तळव्यानं गोळा केला, परत पातेल्यात टाकला आणि म्हणाल्या, "ही भाकर झाली. परत." दुसरा एका बाजूनं फाटला. तोही गोळा. "परत." मी त्या अंगणात कितीतरी उन्हाळे काढले आहेत, परक्या बाईचा बिबडा कोणी मोडताना पाहिलेला नाही. तो कसाही असला तरी छान म्हणायचं आणि तिची पाठ वळली की आपण नीट करायचा, ही रीत. नीमा ओठ आवळून पुढचा गोळा घ्यायची. झुंबरबाई गुडघ्यावर हात ठेवून तिच्या डोक्याशी उभ्या. "अंगठा काढ. अंगठा कशाला मधी घालती? हां. आता पानी." मग एक बिबडा त्यांनी मोडला नाही. त्याच्याबद्दल काही बोलल्याही नाहीत, सरळ पुढच्या बाईवर ओरडायला गेल्या. नीमानं तो बिबडा पाहिला, मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की काय ते मला मागून दिसलं नाही.

शेवटचं पीठ उरलं ते परातीत काढलं. त्यात खड्डा करून तेल ओतलं. हा दरवर्षीचा मान. सगळ्या बायका परातीभोवती बसतात आणि आपापल्या बाजूनं गरम गरम खातात. नीमा हात धुऊन बाजूला उभी राहिली, सवयीनं, पुढच्या खोलीतल्या टेबलाच्या दिशेला. झुंबरबाईंनी तिचं कापड धरून तिला आपल्या मांडीला मांडी लावून बसवलं. एक घास तेलात बुडवून त्यांनी आपल्या तोंडात घातला आणि परात तिच्याकडे सरकवली.

तिनं खाल्लं. मग माझ्याकडे पाहून इंग्रजीत म्हणाली, "आमच्या घरी मिरची नसते. बाकी सगळं हेच. आम्हीही असेच बसतो, एका ताटात." तिचे डोळे भरून आले होते.

"तिखट लागलं तिला," झुंबरबाई म्हणाल्या. "तांब्या द्या इकडं." तांब्या आला. आधी त्या प्यायल्या, मग तोच तिच्या हातात दिला. डावा हात तिच्या पाठीवर ठेवलेला होता तो त्यांनी बराच वेळ काढला नाही. परात रिकामी झाली तेव्हा नीमा ती उचलून नळाशी घेऊन गेली. कोणी 'राहू दे' म्हटलं नाही.

ऊन कलल्यावर बायका बिबडे उलटे करायला आल्या. नीमा सकाळपासून गेलीच नव्हती. एका मुलाला बिबड्यांवरच्या चिमण्या हाकायला बसवलं होतं तर हीच त्याच्या जागी बसून होती, हाताची बोटं भाजून लाल झालेली. झुंबरबाई फडकी झटकता झटकता मला सांगत होत्या की गहू भिजत घातलेत, उद्या कुरडयांचा चीक शिजवायचा, त्याला दांडा धरणारं चांगलं माणूस लागतं. मग नीमाकडे वळून म्हणाल्या, "उद्या लवकर ये. मी उठवायला येनार नाय. आज गुडघे दुखले माझे त्या जिन्यानं."

मी इंग्रजीत सांगितलं. नीमानं बिबड्यांवर बसायला आलेली चिमणी हाकली.

"आंटी," ती म्हणाली, "ते सोमवारचं तिकीट परत करायला तुम्ही उद्या जाल का?"

"मी नाही जाणार," मी म्हटलं. "तुझं तिकीट, तू जा, आणि आजच. खिडकी संध्याकाळी आठपर्यंत उघडी असते. रांगेत उभी राहा. कोणी मध्ये घुसायला लागलं तर त्याला मागे जा म्हणायचं, जोरात. मराठीत येतं का तुला?"

"येतं," ती म्हणाली, "मामा झुंबर म्हणते तसं."

झुंबरबाईंना आमचं इंग्रजी कळत नव्हतं, पण आपलं नाव आलेलं कळलं. "काय म्हणते ती?"

"काही नाही," मी म्हटलं. "स्टेशनवर काम आहे तिचं. जाऊन येते म्हणते."

"मग जाऊ दे की. हातपाय धू म्हणावं आधी," झुंबरबाई म्हणाल्या. नीमा नळाशी गेलीसुद्धा. त्या मागून ओरडल्या, "आन येताना पापडखार घेऊन ये म्हणावं. सांगा तिला, ताई. वास घेऊन बघ म्हणावं, जुना देतात मेले."